जुन्या स्पोर्ट्स कारचे हेडलाइट: अमेरिकी ठेवायचे की युरोपी बसवायचे?

अमेरिकेत जुनी पोर्शे, एमजीबी, अल्फा रोमिओ किंवा डॅटसन घेतली की पहिल्या रात्रीच्या फेरीतच प्रश्न पडतो: हे दिवे इतके मंद कसे? ओळखीतला कुणीतरी लगेच सांगतो, "युरोपी दिवे टाक, मग फरक बघ." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. दिवे मागवून बसवायला एक दुपार पुरते. पण चुकीच्या बाजूची काच आली, जुन्या वायरी तशाच राहिल्या किंवा फोकस जुळवला नाही, तर नवा दिवा जुन्यापेक्षा वाईट ठरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो.

माझ्याकडे १९८० ची अमेरिकी बाजारपेठेतली पोर्शे ९११ एससी आहे. तिचे दिवे बदलताना जे कळलं, ते क्रमवार सांगतो. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण दिवा आधी विकत घेतात आणि बाकीचा विचार मागून करतात, तिथेच पैसे वाया जातात.

१. आधी समजून घ्या: हा फरक पडला कसा

१९४० पासून अमेरिकेत गाड्यांना एकाच मापाचे दिवे आले: सात इंची, गोल, सील्ड बीम. म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि आतली तार हे सगळं मिळून एकच बंद भांडं. त्या काळात ही कल्पना फार चांगली होती. त्याआधीच्या दिव्यांत धूळ आणि ओल शिरून रिफ्लेक्टर काळे पडायचे. सील्ड बीममध्ये तार जळली की अख्खा दिवा फेकायचा आणि कुठल्याही पेट्रोल पंपावर तसाच नवा घ्यायचा. दर वेळी काच नवी, रिफ्लेक्टरही नवा. १९५८ पर्यंत पावणेसहा इंची चार दिव्यांची पद्धतही देशभर चालू झाली.

अडचण अशी, की नियम तिथेच गोठला. युरोपात १९६२ मध्ये एच१ हा हॅलोजन बल्ब आला. १९७१ मध्ये लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये देणारा एच४ आला. अमेरिकेत मात्र बदलता येणारा बल्ब असलेल्या हेडलाइटला परवानगी १९८३ मध्ये मिळाली आणि १९८४ ची लिंकन मार्क ७ तसे दिवे घेऊन आली. मधल्या काळात अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक युरोपी स्पोर्ट्स कारला सील्ड बीम बसवावा लागला.

त्यात १९६८ पासून संघराज्याचं १०८ क्रमांकाचं सुरक्षा मानक लागू झालं आणि दिव्यापुढे काचेचं आवरण ठेवायला बंदी आली. जग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची सुंदर काच गेली ती यामुळेच. ९११ च्या पुढच्या मडगार्डला मिळून जाणारी तिरपी काच जाऊन तिथे आत दबलेला उभा सील्ड बीम आला. त्याला इथले लोक 'शुगर स्कूप' म्हणतात. सित्रोएन एसएमचे तर काचेआडचे सहा दिवे, त्यातही स्टिअरिंगबरोबर वळणारे, अमेरिकेत आले तेव्हा चार साधे उघडे गोल दिवे झाले होते.

२. झोतातला फरक

फक्त उजेड कमी की जास्त, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. मुख्य फरक लो बीमच्या आकारात आहे, म्हणजे आपण ज्याला डिपर म्हणतो त्यात.

युरोपी लो बीम भिंतीवर पाडून बघा. वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते: खाली लख्ख उजेड, वर अंधार. ही रेघ मधोमध वाकते आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला साधारण १५ अंशांनी वर चढते. समोरच्याच्या डोळ्यांत काही जात नाही आणि आपल्या कडेचा माणूस, सायकल, हरीण लांबून दिसतं.

अमेरिकी झोताला अशी धारदार कड नसते. थोडा उजेड मुद्दाम वर सोडलेला असतो, रस्त्यावर आडव्या टांगलेल्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. हाय बीमवरही मर्यादा होती: सगळ्या दिव्यांची मिळून ७५,००० कॅन्डेला (झोताच्या तीव्रतेचं एकक), ती १९७८ मध्ये १,५०,००० झाली. युरोपात त्या काळी हीच मर्यादा २,२५,००० होती.

माझं मत विचाराल तर दिवे नसलेल्या दोनपदरी गावरस्त्यावर युरोपी झोत निर्विवाद सरस आहे. पण तुमची गाडी रात्री फक्त शहरात किंवा उजळलेल्या महामार्गावर फिरत असेल, तर पाचवी पायरी आधी करा. कदाचित दिवे बदलायची गरजच उरणार नाही.

३. काच वाचायला शिका

जुना दिवा विकत घेताना फोटोत काचेचा मधला भाग जवळून मागा. काचेवरच्या खुणांवरून जवळजवळ सगळं कळतं.

अमेरिकी सील्ड बीमवर 'सील्ड बीम' असं लिहिलेलं असतं, डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याची खूण) ही अक्षरं असतात आणि ६०१४ किंवा एच६०२४ असा क्रमांक असतो. काचेवर तीन बारीक उंचवटे बोटाला लागतात. फोकस जुळवायचं जुनं यंत्र त्यांच्यावर टेकवत.

युरोपी दिव्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. तिथे एचसीआर लिहिलं असेल तर त्या हॅलोजन दिव्यात लो आणि हाय दोन्ही आहेत. फक्त एचसी असेल तर नुसता लो, एचआर असेल तर नुसता हाय. पुढचा एच नसेल तर तो हॅलोजनच्या आधीचा दिवा.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण: बाण. दिव्याकडे तोंड करून उभे राहा.

- बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा: भारत, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया.
- बाणच नसेल तर उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा: अमेरिका, जर्मनी, फ्रान्स.
- दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालतो, पण आतली जुळणी तुम्हालाच बदलावी लागते.

इथे नवखे हमखास फसतात. ई शेजारचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, वाहतुकीच्या बाजूचा नव्हे. 'जर्मनीचा ई१ आहे, म्हणजे अमेरिकेला चालेल' हा तर्क चुकीचा आहे. जर्मनीत मान्यता मिळालेला दिवाही डाव्या वाहतुकीसाठी बनलेला असू शकतो.

आपल्या लोकांसाठी खास सूचना. रॉयल एनफील्ड आणि जुन्या जीपला लागतात तसे सात इंची एच४ दिवे पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात. येताना कुणाकडून तरी ते मागवायचा मोह होतो. ते मापात बसतात, प्लगही जुळतो. पण त्यांचा झोत डावीकडे वर चढतो, म्हणजे अमेरिकेत थेट समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेवर. फोकस खाली करूनही हे सुधारत नाही, कारण तिरपी रेघ काचेतच घडवलेली असते. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींचं मात्र उलट आहे: अमेरिकेतून परत आणलेली एमजीबी किंवा जग्वार घेतली असेल, तर एमओटी या तिथल्या वाहन तपासणीसाठी डाव्या वाहतुकीचाच दिवा लागेल.

जुने फ्रेंच दिवे घेताना आत पिवळा बल्ब निघाला तर बिचकू नका. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळा उजेड सक्तीचा होता. बल्ब बदला, दिवा तोच राहतो.

४. कायदा आधी विचारा

युरोपी दिव्यावर डीओटीची खूण नसेल तर अमेरिकी मानकाच्या दृष्टीने तो रस्त्यासाठी मान्य नाही. संघराज्याचा नियम दिवे बनवणारे, विकणारे आणि दुरुस्ती करणारे व्यावसायिक यांना बांधतो. म्हणून बरीच गॅरेजं हे काम हातात घ्यायला नाही म्हणतात. ते अडवणूक करत नाहीत, त्यांना खरंच जोखीम असते. तुम्ही स्वतः बसवलेला दिवा रस्त्यावर चालेल की नाही, हे तुमच्या राज्याच्या नियमांवर आणि तपासणीवर ठरतं. पेनसिल्वेनियात दरवर्षी सुरक्षा तपासणी असते, न्यू जर्सीत खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी २०१० मध्ये बंद झाली. तुमच्याकडे तपासणी असेल तर ज्या केंद्रात गाडी नेता तिथे खरेदीआधी तोंडी विचारून घ्या.

२५ वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ युरोपी रूपात आयात केली असेल, तर या मानकांतून तिला सूट असते. आयातीची कागदपत्रं गाडीतच ठेवा.

मधला मार्गही आहे. डीओटी आणि ९००३ अशी खूण असलेले सात इंची दिवे मिळतात. ९००३ हा एच४ चाच अमेरिकी नियमांतला समकक्ष बल्ब. बल्ब बदलता येतो आणि कायद्याचा प्रश्न येत नाही, पण झोत अमेरिकी पद्धतीचा असतो.

सामान आणि कागदपत्रं

- मल्टिमीटर (साधा चालेल)
- स्क्रू ड्रायव्हर आणि गंज सोडवणारं तेल
- दोन रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) सॉकेटसकट, दोन फ्यूज होल्डर
- लो आणि हाय बीमसाठी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर, बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीसाठी ४ चौरस मिलिमीटर
- एच४ चे नवे प्लग, मागचे रबरी बूट
- मापपट्टी आणि रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी
- गाडीच्या मॉडेलवर्षाचा वायरिंग नकाशा
- नोंदणीपत्र, दिव्यांची पावती, असल्यास आयातीचे कागद

५. वायरिंग: खरा उजेड इथे अडकलेला असतो

लोक ही पायरी गाळतात आणि मी तिच्यावरच सर्वांत जास्त भर देईन. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून फिरून पुढे जातो. वायरी बारीक, जोड चाळीस-पन्नास वर्षांचे, अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज. गच्चीवरची टाकी भरलेली असूनही नळी बारीक असली की नळाला धार येत नाही, तसंच हे.

तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो.

मोजायचं असं. इंजिन चालू, लो बीम चालू, दिवा प्लगला जोडलेलाच. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. मग प्लगच्या मागून मीटरचे काटे आत सरकवून दिव्यावर घ्या. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त निघाला तर रिले बसवाच. माझ्या गाडीत हा फरक एका व्होल्टच्या वर होता. रिले टाकून झाल्यावर जुने सील्ड बीमच इतके पांढरे दिसायला लागले, की दिवे बदलायची घाई संपली.

रिलेवर चार आकडे असतात आणि ते सगळीकडे सारखेच:

- ३०: बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर
- ८७: दिव्याकडे जाणारी जाड वायर
- ८६: हेडलाइटची जुनी वायर, जी आता फक्त इशारा देते
- ८५: अर्थ

एक रिले लो साठी, एक हाय साठी. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. दिव्याची अर्थ वायरही नवी जाड टाका, पत्रा घासून चकचकीत करून. निम्मा तोटा बऱ्याचदा अर्थच्याच बाजूला असतो.

गाडीगणिक फरक लक्षात ठेवा. १९७४ नंतरच्या ९११ मध्ये बॅटरी आणि फ्यूज पेटी दोन्ही पुढेच, म्हणून काम सोपं. एमजीबीत बॅटरी सीटच्या मागे असते. तिथून वायर आणू नका, स्टार्टर सोलेनॉइड किंवा अल्टरनेटरकडून घ्या. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं, त्यामुळे आत डायोड असलेला रिले उलटा लावला तर चालणार नाही. डॅटसन २४० झेडमध्ये डिपरचा स्विच अर्थची बाजू तोडतो-जोडतो. बाजारात मिळणारा साधा तयार संच तिथे चालत नाही. अर्थ बाजूने स्विच होणाऱ्या गाड्यांसाठीचा मागा.

६. दिवा बसवणं

सात इंची गोल दिव्याच्या गाड्यांत (एमजीबी, ट्रायम्फ, अल्फा स्पायडर, डॅटसन) बाहेरची चकचकीत रिंग काढली की आत पातळ पट्टीची दुसरी रिंग दिसते. तिला तीन छोटे स्क्रू असतात. तेच सोडवायचे. जवळच स्प्रिंग असलेले दोन मोठे स्क्रू असतात, ते फोकसचे. नवखा माणूस नेमके तेच फिरवत बसतो आणि दिवा तर निघत नाहीच, वर फोकसही जातो. स्क्रू गंजले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. डोकं गेलं तर तिथे ड्रिल करावं लागतं आणि मागच्या पत्र्याला धोका असतो.

एच४ चा बल्ब आणि प्लग मागे जास्त बाहेर येतात. मागच्या पत्र्याच्या डब्यात तेवढी जागा आहे का, ते दिवा हातात धरून आधी बघा. रबरी बूट टाळू नका: हा दिवा बंद भांडं नाही, मागून ओल शिरली की रिफ्लेक्टर दोन पावसाळ्यांत निस्तेज होतो. दिव्यात पार्किंगच्या छोट्या बल्बसाठी भोक असेल आणि तुम्ही तो वापरणार नसाल, तर तेही बुजवा. रिफ्लेक्टरला आतून कापड लावू नका, मुलामा निघून येतो.

९११ ला अख्खं युरोपी एच४ युनिट रिंगसकट मिळतं आणि खालच्या एका स्क्रूवर बसतं. शुगर स्कूपचा सगळा सांगाडा निघतो. मर्सिडीझ आर१०७ मध्ये चार गोल दिव्यांच्या जागी मोठं एकसंध युनिट येतं. तिथे फिटिंग आणि कनेक्टरही बदलतात, म्हणून दोन्ही बाजूंचा पूर्ण संच एकत्र मिळाल्याशिवाय सुरुवात करू नका.

७. बल्ब

साधा ६०/५५ वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा पारदर्शक एच४ घ्या. काचेला बोट लावू नका. १००/९० वॅटचे बल्ब प्लग वितळवतात आणि रिफ्लेक्टर भाजतात. निळसर काचेचा बल्ब पांढरा भासतो, पण ती निळी छटाच उजेड खाते. एच४ च्या जागी बसणारे एलईडी मी वापरत नाही: रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, उजेडाचा उगम जरा हलला तरी ती धारदार कड विस्कटते.

८. फोकस जुळवणं

टायरमध्ये हवा योग्य, टाकी अर्धी, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं. सपाट जमीन आणि सरळ भिंत शोधा. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही दिव्यांचे मध्यबिंदू चिकटपट्टीने भिंतीवर काढा: दोन उभ्या रेघा, एक आडवी. मग गाडी सरळ मागे घ्या, दिव्यापासून भिंत बरोबर १० मीटर.

लो बीम लावा आणि एक दिवा पुठ्ठ्याने झाका. झोताची आडवी कड मधल्या आडव्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. जागा कमी असेल तर २५ फुटांवर साडेसात सेंटीमीटर, तीन इंच धरा. कड जिथे वाकून वर चढते तो कोपरा त्याच दिव्याच्या उभ्या रेघेवर आणा. दुसऱ्या दिव्याचंही तसंच. स्क्रू पाव-पाव फेराच फिरवा आणि शेवटचा फेरा घट्ट करण्याच्या दिशेने असू द्या, नाहीतर स्प्रिंग सैल राहून फोकस खड्ड्यात हलतो.

कोपरा उजवीकडे चढतोय ना, हे इथे पुन्हा एकदा बघा. डावीकडे चढत असेल आणि तुम्ही अमेरिकेत असाल, तर दिवा काढून परत करा.

हाय बीम वेगळा जुळवायची गरज एच४ मध्ये नसते. चार दिव्यांच्या गाडीत मात्र आतले दिवे स्वतंत्र जुळवावे लागतात: झोताचा सर्वांत तेजस्वी भाग मध्यबिंदूवर आणा. काही दिवसांनी भिंतीसमोर पुन्हा तपासा. नव्या रबरी बुटांमुळे आणि स्प्रिंगमुळे दिवा थोडा बसतो.

९. जुने दिवे टाकू नका

काढलेले सील्ड बीम, त्यांच्या रिंगा आणि स्क्रू एका खोक्यात घालून वर मॉडेलवर्ष लिहून ठेवा. तपासणी केंद्राने नकार दिला तर तासाभरात परत बसवता येतात. गाडी विकायची वेळ आली तर मूळ अमेरिकी दिवे मागणारा गिऱ्हाईक भेटतोच. ९११ चे शुगर स्कूपचे सांगाडे धड अवस्थेत असतील तर ते फोम किंवा जाड कापडात गुंडाळा, कारण त्यांच्या कडा लवकर चेपतात. रिले आणि वायरिंगचा नकाशाही हाताने काढून त्याच खोक्यात ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला कुठली वायर कुठे गेली हे शोधत बसावं लागणार नाही.